जागावाटपाच्या दिवशी

आयआयटीचं जागावाटप जाहीर झालं की संगमनेरातही नातेवाइकांचे फोन सुरू होतात, 'काय झालं पोराचं?' आई चाचरत उत्तर देते, पोरगं खोलीचं दार लावून घेतं. २०२५ साली जेईई अॅडव्हान्स्डला १ लाख ८० हजारांवर मुलं बसली; २३ आयआयटींत मिळून जागा १८ हजारांच्या आसपास. दहातल्या नऊ जणांना जागा मिळणारच नव्हती. त्यात त्यांचा काय गुन्हा?

मिळालेली जागा टिकवणंही सोपं नसतं. मुंबई आयआयटीत जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याचे पैसे कार्डाने भरले गेले नाहीत, मुदत टळली. अखेर नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला प्रवेश द्यायला लावला. प्रत्येक घर दिल्लीपर्यंत जाऊ शकत नाही. म्हणून तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी त्या आठवड्यात मदतकक्ष उघडावा. ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आहे का, शुल्क जमा झालं का, मिळालेली जागा पक्की करायची (फ्रीझ) की वरच्या पसंतीसाठी थांबायचं (फ्लोट), हे शिक्षकांनी मुलांशेजारी बसून तपासावं.

ज्यांचं हुकलं त्यांच्यापुढे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या (कॅप) फेऱ्या असतात; अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय तर १९८३पासून इथेच आहे. तो पर्याय भरताना 'आता हेच राहिलं' असं घरातल्या कुणीही म्हणू नये.