स्टोर्टिंग: एक मोठी गोष्ट!

जीके क्विझमध्ये हमखास विकेट घेणारा प्रश्न: नॉर्वेच्या संसदेचं नाव काय? उत्तर आहे स्टोर्टिंग. ऐकायला एखाद्या फर्निचरच्या ब्रँडसारखं वाटतं ना? पण थांबा मंडळी, नाव भलतंच खानदानी आहे.

'स्टोर' म्हणजे मोठी आणि 'टिंग' म्हणजे सभा. थोडक्यात, महासभा! आपण दिवसभर 'एनीथिंग, समथिंग' करतो, त्यातलं 'थिंग' हे या 'टिंग'चं सख्खं भावंड. त्याचाही मूळ अर्थ सभाच. हजारेक वर्षांपूर्वी नॉर्वेत ठिकठिकाणी असे टिंग भरायचे. पश्चिम किनाऱ्यावरचा गुलाटिंग त्यातला बडा. कायदे तिथे ठरायचे, तंटे तिथे मिटायचे. गुलामांना मात्र तिथे आवाज नव्हता, हेही खरं. हळूहळू सभेत निघालेल्या विषयालाही 'थिंग' म्हणू लागले आणि तिथून शब्द घसरत घसरत आला कुठल्याही वस्तूवर.

१८१४ मध्ये, चारशेहून जास्त वर्षं डेन्मार्कच्या राजांखाली काढल्यावर, ११२ प्रतिनिधी आइड्सवोल इथे जमले आणि १७ मे रोजी देशाची राज्यघटना पक्की झाली. नव्या संसदेला त्यांनी नाव दिलं ते मात्र जुनं, मातीतलं. त्याच वर्षी स्वीडनचा राजा डोक्यावर बसला, तरी स्टोर्टिंग टिकली. आणि ७ जून १९०५ ला त्याच स्टोर्टिंगने स्वीडनशी असलेलं नातं संपल्याचं जाहीर केलं. बंदुकीची एकही गोळी न झाडता!

आता खरी गंमत. संस्कृतमधली 'गोष्ठी' म्हणजे मंडळींची बैठक, मग त्या बैठकीतलं बोलणं. मराठीत येईपर्यंत तिची झाली 'गोष्ट'. आज कथाही गोष्ट आणि वस्तूही गोष्टच! म्हणजे शब्दाने जो प्रवास तिकडे केला, तोच इकडेही. स्टोर्टिंगचं झक्कास मराठी भाषांतर करायचं तर 'मोठी गोष्ट' म्हणायला काय हरकत आहे?

दोन्ही भाषांचं म्हणणं एकच: आधी चार माणसं जमली, बोलली, तेव्हा कुठे 'गोष्ट' झाली. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगला कोरम भरत नाही आणि ऑफिसातला निर्णय मीटिंगआधीच झालेला असतो. मग आपल्या हातात उरते ती फक्त वस्तू. सभा कधीच उठून गेलेली असते.