'दुर्मिळ' या विशेषणामागची संख्या



विशेषण हा घटक आपण सगळेच शिकवतो. गोड आंबा, उंच डोंगर, पाच बैल. गोड आणि उंच ही गुणविशेषणं, पाच हे संख्याविशेषण. मुलं रिकाम्या जागा भरतात, आपण बरोबरची खूण करतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. पण मोबाईलवरच्या जाहिरातींत एक विशेषण हल्ली इतकं सैल वापरलं जातंय की त्याच्यासाठी एक वेगळा तास द्यावा असं माझं मत आहे. ते विशेषण म्हणजे 'दुर्मिळ'. दिसायला ते गुणविशेषण आहे, पण त्याच्या पोटात एक संख्या दडलेली असते. वस्तू किती बनल्या आणि किती उरल्या, ही ती संख्या. जाहिरात देणारा ती सांगत नाही आणि वाचणारा विचारत नाही.

उदाहरण आपल्या कोल्हापूरचंच घेऊ. जुनी ऑइल इंजिनं ऑनलाइन विकायला असतात. नमुना म्हणून मीच एक जाहिरात तयार केली आहे: "अतिदुर्मिळ ब्रिटिशकालीन लिस्टर इंजिन. भारतात फक्त २ शिल्लक. अँटिक. किंमत २,५०,०००. फक्त जाणकारांनीच फोन करावा." या धाटणीच्या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. आता एकेक शब्द तपासूया.

'लिस्टर' ही इंग्लंडमधल्या डर्सली गावची कंपनी, १८६७ साली सुरू झालेली. तिचं सीएस नावाचं सावकाश फिरणारं डिझेल इंजिन १९२९ साली बाजारात आलं. मोठी फ्लायव्हील, हाताने हँडल मारून चालू करायचं, पाच घोड्यांची ताकद आणि मिनिटाला साधारण ६०० फेरे. ते इतकं टिकाऊ निघालं की जगभर गेलं आणि इंग्लंडमध्ये त्याचं उत्पादन १९८० च्या दशकापर्यंत चालू राहिलं. इतकी वर्षं बनत राहिलेली वस्तू 'फक्त २ शिल्लक' कशी असेल? शिवाय गुजरातमध्ये राजकोटच्या अनेक कारखान्यांनी याच इंजिनाच्या नकला बनवल्या. त्या काही वाईट नव्हत्या, शेतकऱ्यांनी त्या वापरल्याच. पण राजकोटचं इंजिन हिरव्या रंगात रंगवून 'इंग्लंडचं' म्हणून विकणं ही वेगळी गोष्ट आहे. इंजिनावरची प्लेट बदलायला फार मोठा कारागीर लागत नाही.

'ब्रिटिशकालीन' म्हणजे १९४७ च्या आधीचं. ही तर वजाबाकी आहे, चौथीच्या मुलालाही येते. इंजिनाचा नंबर आणि सालाचा पुरावा मागायचा. साल १९६५ निघालं, तर इंजिन स्वातंत्र्यानंतर १८ वर्षांनी बनलंय. विषय संपला.

आता 'अँटिक'. आपल्या देशात पुरातन वस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे. त्यानुसार अशी वस्तू किमान शंभर वर्षं जुनी असावी लागते (हस्तलिखितांना ७५ वर्षांची मुदत आहे). १९२९ साली कारखान्यातून निघालेलं अगदी पहिलं लिस्टर सीएस इंजिनसुद्धा २०२९ साली शंभरीत जाईल. म्हणजे आजोबांनी साठच्या दशकात घेतलेलं इंजिन जुनं आहे, प्रेमाचं आहे, पण कायद्याच्या भाषेत पुरातन नाही.

कोणी म्हणेल, हौसेला मोल नसतं, तुम्हाला काय करायचंय? ज्याला परवडतं त्याने घ्यावं. मलाही हौस वाईट वाटत नाही. पण या खोट्या विशेषणाचा तोटा दोघांना होतो, म्हणून लिहितोय.

पहिला तोटा घेणाऱ्याचा. घाईने टोकन पाठवलं जातं, आणि इंजिन घरी आल्यावर कळतं की सिलिंडरला तडा आहे किंवा पंप दुसऱ्याच मेकचा आहे. दुसरा तोटा, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, तो विकणाऱ्या साध्या शेतकऱ्याचा. त्याने मोबाईलवर अडीच लाखांचा आकडा पाहिलेला असतो. गावातला कोणी योग्य किमतीला इंजिन मागायला आला, तर तो म्हणतो, "एवढ्यात देत नाय." लाखवाला येतच नाही. इंजिन गोठ्यामागं पावसात गंजतं, पिस्टन जाम होतो आणि शेवटी किलोवर भंगारात जातं. चालू होऊ शकणारं एक यंत्र गेलं आणि शेतकऱ्याच्या हातात काही पडलं नाही.

इथे एक गोष्ट मुलांनाही समजावून सांगावी. जाहिरातीतला आकडा ही मागणी असते, किंमत नव्हे. पैसे देऊन कोणी वस्तू नेली, तर त्या आकड्याला किंमत म्हणायचं. दहा जणांनी एकमेकांचं बघून दोन-दोन लाख लिहिले म्हणून वस्तू दोन लाखांची होत नाही. आणि वस्तू खरोखर एकुलती एक असली तरी ती महाग असेलच असं नाही. तुमच्या मुलीने काल वहीत काढलेलं चित्र जगात एकच आहे. ते आईसाठी अनमोल आहे, पण बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. कमी असणं आणि कोणाला तरी हवं असणं, दोन्ही जुळलं तर भाव येतो.

माझा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. आपल्या भागातली इंजिनं दुर्मिळ नव्हती, आणि त्यातच आपला अभिमान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने डिझेल इंजिनं बनवली. आणि आपल्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्री लोकांनी इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग ओतले, घासले, जोडले. त्याच कामातून इथला फाउंड्रीचा धंदा वाढला, जो आज गाड्यांचे भाग बनवतो. हीच इंजिनं नदीचं पाणी उसाच्या फडात चढवायची, गुऱ्हाळावरचा चरक फिरवायची, गावची पिठाची गिरणी चालवायची. पुढे वीज आली, मोटारी बसल्या आणि इंजिनं खोपटात गेली. ती इतकी शिल्लक दिसतात, कारण ती मुळात भरपूर बनली होती. गरीब शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचावं म्हणूनच ती बनवली होती. त्यांना 'भारतात फक्त २' म्हणणं म्हणजे त्या मिस्त्रींचं काम पुसून टाकणं आहे.

गाडीच्या इंजिनांचीही हीच तऱ्हा. आपल्याकडच्या पोरांचा जीव आरएक्स १०० वर. ९८ सीसीची ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ अशी सुमारे अकरा वर्षं बनली. तरी प्रत्येक सुटं इंजिन 'ओरिजिनल जपान' म्हणूनच विकायला निघतं! इथे तर आणखी काळजी हवी. गाडीच्या इंजिनाचा नंबर आरसी बुकावर असतो. कागदाशिवाय सुटं इंजिन घेतलं आणि ते चोरीचं निघालं, तर पोलिस चौकीच्या फेऱ्या घेणाऱ्याला. दहावी-बारावीतल्या मुलांच्या पालकांनी हे घरात जरूर बोलावं.

दुर्मिळतेचा हा खेळ इंजिनापुरताही नाही. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट लाखांना विकली जाते, हा मेसेज तुमच्या ग्रुपवरही आला असेल. अशा व्यवहारांत रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क आणि कर मागितले जात होते. शेवटी बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावं लागलं की आम्ही या व्यवहारात नाही आणि आमच्या नावाने कोणाला पैसे देऊ नका. ट्रॅक्टरच्या त्या नोटा आपल्या सगळ्यांच्या हातातून गेल्यात, हे आठवलं असतं तरी पुरे होतं.

वर्गात काय करता येईल? तिसरी-चौथीपासून एक तास 'जाहिरात वाचन' घ्या. वरच्यासारखी जाहिरात फळ्यावर लिहा. मुलांना त्यातली विशेषणं अधोरेखित करायला सांगा. मग प्रत्येक विशेषणाला चार प्रश्न विचारायला लावा:

१. अशा वस्तू किती बनल्या?
२. आज किती उरल्या, आणि हे कोणी मोजलं?
३. ती कोणाला हवी आहे, आणि कशासाठी?
४. पुरावा कुठे आहे?

मग तीच जाहिरात खरी करून लिहायला सांगा. "जुनं इंजिन विकणे आहे. साल प्लेटवर दिसत नाही. फ्लायव्हील हाताने फिरतं. एका बाजूला वेल्डिंग आहे. येऊन बघावे." भाषा, गणित आणि परिसर अभ्यास एकाच तासात होतात. ज्या मुलांच्या घरी कोणी फाउंड्रीत किंवा वर्कशॉपमध्ये काम करतं, त्यांना बोलायला सांगा. ती मुलं त्या दिवशी वर्गाचे गुरुजी होतील.

पालकांसाठी थोडक्यात: फोटोवर इंजिन घेऊ नका. जाणत्या मिस्त्रीला बरोबर न्या. फ्लायव्हील फिरवून कॉम्प्रेशन लागतं का बघा, तडे आणि वेल्डिंग शोधा, प्लेटवरचा आणि अंगावरचा नंबर जुळवा, चालू करून दाखवा म्हणा. बघण्याआधी टोकन देऊ नका. पैसे 'घेण्यासाठी' यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे इंजिन विकणाऱ्या आजोबांनाही सांगून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. दुकानदाराने खोटी जाहिरात करून गंडवलं असेल, तर ग्राहकांसाठी १९१५ आहे.

आणि घरच्या खोपटात असं एखादं इंजिन असेल तर मुलांना एकदा तिथे घेऊन जा. ते किती लाखांचं आहे हे सांगू नका. त्याने कोणाच्या रानाला पाणी दिलं, हँडल कोण मारायचं, ते कोणत्या साली बंद पडलं, हे सांगा. एवढं एका वहीत लिहून ठेवलंत, तर उद्या विकतानाही ती वही त्या 'दुर्मिळ' शब्दापेक्षा जास्त उपयोगी पडेल.