पदकांची चर्चा होते, प्रशिक्षकाचे काय?

जलतरण प्रशिक्षक तपन पाणिग्रही यांना २०२१ मध्ये जीवनगौरव गटातील द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या शिष्यांपैकी एक म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील सुयश जाधव. लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावलेल्या सुयशने २०१८ च्या जकार्ता आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण जिंकले. मात्र असे प्रशिक्षक अपवादानेच का घडतात आणि चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या वनप्रधान जिल्ह्यांपर्यंत ते का पोहोचत नाहीत, याचा विचार फारसा होत नाही.

अपंग खेळाडूंना पोहणे शिकविणे म्हणजे नेहमीचेच प्रशिक्षण थोडे सौम्य करणे नव्हे. पंजाच नसेल तर पाणी मागे लोटण्याचे काम पायांवर आणि धडावर येते. शरीराचा तोल नव्याने बसवावा लागतो. दृष्टिहीन जलतरणपटूला भिंत जवळ आल्याची सूचना काठीच्या मऊ टोकाने स्पर्श करून द्यावी लागते. क्षणाची चूक झाली तर डोके भिंतीवर आदळते. शारीरिक अपंगत्वाचे दहा, दृष्टिदोषाचे तीन आणि बौद्धिक अपंगत्वाचा एक असे वर्ग असतात. त्यांचे नियम प्रशिक्षकाला पाठ असावे लागतात. हे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावातूनच येते.

परंतु त्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे देणाऱ्याला पुढे वाट कोठे आहे? मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत जिंकून देशाला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्ण मिळवून दिले. त्यानंतर जलतरणात एकही पॅरालिम्पिक पदक आलेले नाही. २०२४ मध्ये पॅरिसला भारताने २९ पदके जिंकली, त्यांतही जलतरणाचे पदक नव्हते. २०२३ आणि २०२५ च्या खेलो इंडिया पॅरा स्पर्धांत तर या खेळाचा समावेशच नव्हता. प्रशिक्षकाची पारख शिष्यांच्या निकालांवरून होते. मोठ्या स्पर्धाच मोजक्या असतील तर निकाल कोठून येणार? मग होतकरू प्रशिक्षकही या वाटेला जात नाही.

विदर्भात गुणवत्ता नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अमरावतीच्या दृष्टिहीन कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्ण पटकावले. त्याच वर्षी बर्लिनमधील स्पर्धेच्या वेळी सरकारी निधी वेळेत न पोहोचल्याने त्यांना पैशांची ओढाताण सोसावी लागली होती.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत पाण्याचाही तुटवडा नाही. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती या नद्या आहेत. अर्थात नदीत पोहता येणे आणि तलावात आखलेल्या मार्गिकेत सेकंदांशी झुंजणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते प्रशिक्षकच कापून देऊ शकतो. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनाने अपंगांना दयेऐवजी काम द्यावे, हा धडा देशाला दिला. तेथे अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळाही आहेत. आश्रमशाळांतील मुले काय करू शकतात, हेही या भागाने दाखवून दिले आहे. ‘मिशन शौर्य’ मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट सर केले. त्यामागे निवड, शिस्तबद्ध सराव आणि जाणकार मार्गदर्शक होते.

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने क्रीडा सहभागासाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. ती निभवायची तर जिल्ह्याला पॅरा जलतरणाचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक कायम वेतनावरील प्रशिक्षक, विशेष शाळा व आश्रमशाळांतून नियमित निवड आणि दरवर्षी ठरलेली स्पर्धा हवी. पदक जिंकल्यावर सत्कार करणे सोपे असते. पदकाच्या आधीची दहा वर्षे जो काठावर उभा राहतो, त्याच्या पोटापाण्याची सोय करणे अवघड, पण अधिक गरजेचे आहे.