नळ चांगला, नळीचं काय?

वीकेण्ड, मुंबई-गोवा हायवे आणि भाड्याची कॅरॅव्हॅन... प्लॅन एकदम झकास! २०२१मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्येही हा फंडा हिट आहे. पेणला थांबायचं, गणपतीचे कारखाने बघायचे, पोह्याचे पापड घ्यायचे आणि गाडीची टाकी भरायची.

पण बॉस, नळ चांगला असला तरी तुमची नळी स्वच्छ आहे का? पिण्याच्या पाण्याची नळी वेगळीच हवी. टॉयलेट धुवायच्या नळीशेजारी ती ठेवूसुद्धा नका. नळाचं तोंड ब्लीचच्या फडक्याने पुसा, थोडं पाणी बादलीत सोडा, मगच नळी जोडा. तिचं टोक जमिनीवर टाकू नका, बादलीत बुडवूनही ठेवू नका. पाण्याचा दाब गेला, की बादलीतली घाण उलटी नळात ओढली जाते. काम झालं की नळी रिकामी करून दोन्ही टोकांना झाकणं लावा. शंका आली तर पाणी उकळूनच प्या.

आणि हो, हेटवणे धरण पेण तालुक्यातच आहे, तरी इथल्या खारेपाटातल्या बायका वर्षानुवर्षं उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी ताटकळल्यात. आपण सोमवारी ऑफिसात असू. आपण खराब केलेल्या नळाचं पाणी त्यांच्या घरात प्यायलं जाईल.