नातवाचे नाक आणि आमचा बटवा

दिवाळी अंकात आमच्यासारख्यांनी चकलीवर किंवा बोनसवर लिहावे, असा रिवाज आहे. पण वाचकहो, आमची गेली दिवाळी सुरू झाली ती सर्दीने!

वसुबारसेच्या रात्री आमच्या आठ महिन्यांच्या नातवाचे नाक चोंदले. पोर दूध ओढीना, झोपेना. घरात आजोबा असताना डॉक्टर कशाला? मी निलगिरीची बाटली काढली आणि नाकपुडीत थेंब सोडणार, तोच सूनबाईने माझा हात धरला.

"बाबा, नको! एवढ्या लहान मुलाला हे चालत नाही."

"आमच्या आईने आम्हांला हेच घातले. काय बिघडले आमचे?"

यावर सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. फक्त माझ्याकडे पाहत राहिल्या. रात्रभर पोर रडत होते आणि मी फुगून बसलो होतो.

सकाळी डॉक्टरांकडे गेलो, ते माझी बाजू घेतील या खात्रीने. त्यांनी पोराला तपासले, नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले आणि मग माझ्याकडे वळले.

"आजोबा, पुदिन्याचा अर्क, म्हणजे मेंथॉल, नाक मोकळे करीत नाही, मोकळे झाल्याचा भास करतो. थंडी ओळखणारे मज्जातंतू त्याने चेतवले जातात, एवढेच. ही ओळख शरीराला कशी पटते, ते शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मोठ्या माणसाला भासानेही झोप लागते. पण तान्ह्याच्या नाकात असा उग्र थेंब पडला, तर घसा आवळून श्वासच अडकू शकतो."

मी बाटली खिशातल्या खिशात घट्ट धरली.

"आणि पोटात गेले तर?" सूनबाईने विचारले.

"कापूर पोटात गेला, तर लहान मुलाला काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. निलगिरी तेलाने गुंगी येते, कधी शुद्धही हरपते. सांधेदुखीच्या मलमाला ज्याचा वास येतो ना, त्या विंटरग्रीनच्या चमचाभर तेलात अ‍ॅस्पिरीनच्या वीसहून अधिक गोळ्यांचा ऐवज असतो."

"मग आमचा बटवा फेकूनच द्यायचा की काय?" मी विचारले.

"मुळीच नाही! लवंगेच्या तेलातले युजेनॉल दातांचे डॉक्टर आजही वापरतात. ओव्यातले थायमॉल जंतू मारते. पण झाडाने हे अर्क केले ते किडीशी आणि बुरशीशी लढायला, आपल्या नाकासाठी नव्हे. दाढेखाली एक लवंग धरणे निराळे आणि मूठभर लवंगांचे सत्त्व एका घोटात घेणे निराळे. औषध म्हणता ना? मग औषधासारखेच मोजा, आणि कुलपात ठेवा."

घरी येऊन मी पहिले काम तेच केले. उशाजवळच्या देव्हाऱ्यातली कापराची डबी, दुखऱ्या गुडघ्याचे मलम, निलगिरी, सारे वरच्या फळीवर गेले. पाळण्याला बांधलेली कापराची पुरचुंडी सौभाग्यवतींनी गुपचूप सोडली. ती त्यांनीच बांधली होती, हे मी मोठ्या मनाने कोणाला सांगितले नाही!

नरकचतुर्दशीच्या पहाटे नातवाला साधे खोबरेल लावून न्हाऊ घातले. नाक मोकळे झाले होते. माझ्याकडे पाहून तो खुदकन हसला, आणि माझा दोन दिवसांचा फुगवटा कापरासारखा उडून गेला.