पानगळीला केर म्हणू नका

मेपलच्या लाल-पिवळ्या पानांची विलायती चित्रे तुम्ही कॅलेंडरवर पाहिली असतील. अशी शोभा आपल्याकडे नाही, असे मात्र म्हणू नका. आपली झाडे शरदात नव्हे, शिशिराच्या सुमारास रंगतात. जानेवारीत नाशिकच्या एखाद्या अंगणातला देशी बदाम पाहा. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी आणि गडद लाल पाने दिसतील.

असे का होते? नाशिकचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पुढे जमीन सुकत जाते. पानांवाटे वाफ होऊन जाणारे पाणी वाचवण्यासाठी पुष्कळ झाडे पाने टाकतात. त्याआधी पानांतील नत्र व स्फुरद यांचा बराच भाग झाड परत ओढून घेते. हरितद्रव्य मोडते आणि त्याखाली झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो. तांबडा रंग देणारे अँथोसायनिन मात्र काही झाडे याच वेळी नव्याने बनवतात. शेवटी देठाशी पेशींचा एक थर सुटा होतो आणि पान गळते.

पाने गेली की खोडे दिसू लागतात. कांडोळाची साल पांढुरकी, गुळगुळीत, ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, सावरीची काटेरी. मग फाल्गुनात पळस फुलतो आणि पिंपळाला तांबूस पालवी फुटते.

असे असूनही लोक विचारतात, "केर न करणारे झाड कोणते?" असे झाड नाहीच. सदाहरित झाडेही पाने टाकतात, फक्त एकदम टाकत नाहीत. खरा दोष झाडाचा नसून पाला पेटवून देण्याच्या आपल्या सवयीचा आहे. पाला जाळला की त्यातले बहुतेक नत्र हवेत जाते आणि धूर शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर मनाई केली आणि साध्या प्रकारांसाठी ५,००० रुपये दंड ठरवला. पण दंडाच्या भीतीपेक्षा समजुतीने ही सवय सुटावी, असे मला वाटते.

पाल्यात विंचू-साप येतील, अशी शंका घरचे काढतील. ती रास्त आहे. म्हणून ढीग घरापासून दूर, कुंपणाशी करा. तो ओलसर ठेवा आणि हात घालण्यापूर्वी काठीने चाळवा.

पटत नसेल तर प्रयोग करा. सारख्या आकाराच्या दोन कुंड्या सारख्याच मातीने भरा. एकीवर चार बोटे पाला पसरा, दुसरी उघडी ठेवा. दोन्हींना सारखेच पाणी घाला. तीन दिवसांनी माती उकरून कोणती ओली आहे ते पाहा आणि घरच्यांनाही दाखवा.

अंगण लहान असेल तर आपटा किंवा बहावा लावा. तो पाने टाकील. ती त्याच्याच बुंध्याशी राहू द्या.