रेकॉर्डर कुणाचा?

"गुणवत्ता आणि प्रशिक्षणाच्या हेतूने हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो." हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की त्याची चालसुद्धा पाठ झालीय.

मागच्या महिन्यात बाबांचा विम्याचा क्लेम नाकारला गेला. कारण काय, तर पॉलिसी घेताना मधुमेह लपवला म्हणे. बाबांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, मी शेजारीच बसलो होतो. म्हटलं, रेकॉर्डिंग आहे ना तुमच्याकडे? मग ऐका की! पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, ते इंटर्नल असतं, कस्टमरला देता येत नाही." (हेही अर्थात रेकॉर्ड होत होतं.)

तेव्हापासून हा शब्द डोक्यात घोळतोय. लहानपणी रेकॉर्डर म्हणजे टेपरेकॉर्डर. दोन बटणं एकदम दाबायची आणि घसा खाकरायचा. ज्याचा हात बटणापर्यंत पोचला तो मालक. भाचीच्या शाळेत रेकॉर्डर म्हणजे वाद्य: सरळ तोंडात धरून फुंकायची प्लॅस्टिकची बासरी, शेजाऱ्यांच्या सहनशक्तीची परीक्षा पाहणारी. शब्दकोश उघडला तर दोन्हींचं मूळ एकच निघालं. लॅटिनमधल्या 'हृदय' या शब्दावरून आलेलं, आठवणं, मनात परत आणणं. जुन्या इंग्रजीत सूर घोकण्यालाही हाच शब्द होता.

आणि रेकॉर्डर हा माणूसही असतो! लंडन शहराला तेराव्या शतकाच्या अखेरीपासून रेकॉर्डर नेमलेला आहे. शहराच्या रूढी काय आहेत हे त्याने कोर्टात तोंडी सांगायचं आणि ते प्रमाण मानलं जायचं. म्हणजे लक्षात ठेवणं हे अर्धंच काम, विचारलं की सांगणं हे उरलेलं अर्धं. १७९८ साली मुंबईतही रेकॉर्डर्स कोर्ट आलं. तिथला न्यायाधीश म्हणजे रेकॉर्डर. जेम्स मॅकिंटॉश हा त्यातलाच एक, १८०४ साली त्याने काढलेल्या लिटररी सोसायटीची पुढे एशियाटिक सोसायटी झाली. असो.

आपला गावचा रेकॉर्डर म्हणजे कुलकर्णी. (आमच्या टीममध्ये तिघे आहेत. मागच्या सोमवारी काय ठरलं ते एकालाही आठवत नाही.) दप्तर त्याच्या घरी आणि कुळाला अक्षरओळख नाही. जोतीराव फुल्यांनी कुळकर्ण्यांवर इतके आसूड ओढले ते उगाच नाही. सावकाराच्या वहीचंही तेच. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांना हवे होते रोखे आणि वह्या. दंगा पसरला तसे गावोगावी कर्जाचे कागद जाळले गेले. हिशेब दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या अक्षरात, आणि आपण म्हणायचं "होय महाराज". मग दुसरं काय करणार?

त्यानंतर १८७९ साली सरकारने कायदा केला. त्यात शेतकऱ्याला सावकाराकडून लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागायचा हक्क मिळाला. इंग्रज सरकारने, बरं का! आणि आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात काय मागता येतं? आपल्या माहितीचा 'सारांश'. सारांश घेऊन काय लोणचं घालायचंय? बाबा "हो, शुगर आहे" म्हणाले की नाही, हे सारांशात कुठून येणार?

गोपनीयता, असं उत्तर मिळतं. माझ्या बाबांचा आवाज माझ्या बाबांपासून गोपनीय! विमानातल्या रेकॉर्डरचं बघा. म्हणायचं ब्लॅक बॉक्स, रंग भगभगीत नारिंगी, कारण तो सापडावा हीच इच्छा. शिवाय अपघात झाला की तो तपास यंत्रणेच्या ताब्यात जातो, कंपनीच्या कपाटात राहत नाही. आमचा क्लेम आपटला, पण रेकॉर्डर मात्र ज्याच्यावर संशय त्याच्याच खिशात.

आणि "तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही" हे तर मला सांगूच नका. असल्या सिस्टीमवर मी दोन वर्षं घालवलीत. प्रत्येक कॉलला नंबर असतो, तारीख, वेळ, ग्राहक, एजंट, सगळं असतं. शोधायला काही सेकंद लागतात. सुपरवायझरच्या स्क्रीनवर 'डाउनलोड' बटण मीच लावलंय. ग्राहकाच्या स्क्रीनवर ते रिक्वायरमेंटमध्ये नव्हतं आणि का नाही, असं मी विचारलं नाही. शुक्रवारी रिलीज होतं, घरी जायची घाई होती. आज तेच बटण मी शोधतोय.

विमा लोकपालांकडे अर्ज लिहून झालाय, आणि त्यात रेकॉर्डिंगची मागणी पहिल्याच ओळीत आहे. दरम्यान काल पुन्हा कंपनीचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला, आईचा मोबाईल शेजारी ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, हा कॉल आमच्याकडूनही रेकॉर्ड होतोय हं."

दोन सेकंद पलीकडे शांतता. मग, "सर, एक मिनिट, मी सीनियरना देते."